खटका

बुटांना रस्त्यावरचं मीठ लागलेलं होतं तिच्या.
रात्रभर डोंगरातल्या घरांमधून म्हाताऱ्यांना इन्सुलिन टोचून
वनेटा क्रिस्प सकाळी आठला माझ्या गॅरेजात आली
आणि काउंटरवर पिस्तूल ठेवलं:
रिकामं, स्लाइड मागे ओढलेली, तोंड भिंतीकडे.
एवढ्यावरून मला माणूस कळतो.

‘चाप जड आहे, ऑर्व्हिल. हलका करून दे.
या बोटाच्या सांध्यात थंडी शिरलीय.’

तळहाताएवढं हत्यार.
मोठ्या पिस्तुलाला वजन असतं, ते आठवण देत राहतं
की बाबा, मी आहे.
हे छोटं विसरायलाच बनवलेलं.
चर्चच्या बाकावर, किराणाच्या रांगेत
कुणाला दिसू नये कोटाखाली,
आणि हळूहळू स्वतःलाही.

मी ताणकाट्याचा आकडा चापात अडकवला, ओढला.
तीन. चार. पाच.
सहाला भिंत लागली, साडेसहाला फुटली.
‘गॅलनभर दुधाहून कमीच आहे,’ मी म्हटलं.
‘दूध मी घाबरून उचलत नाही,’ ती म्हणाली.

अंगठ्याजवळ खटका नाही या मॉडेलला.
आहे ते सगळं आत.
चापाच्या पोटात एक पातळ जीभ,
बोट नीट मधोमध आलं तरच दबणारी,
आणि त्यामागे फायरिंग पिनची वाट अडवून बसलेला
मसुराएवढा ठोकळा.
पडलं तर उडत नाही. आपटलं तर उडत नाही.
चाप ओढला तर उडतं.
कुणी ओढला, ते त्याला कळत नाही.

‘खटका असलेलं घे की.’
‘आणि अंधारात पायरीवर कुणी उभं असताना
तो खाली करायचं लक्षात कोण ठेवील? तू?’

याचं उत्तर माझ्याकडे नाही. बत्तीस वर्षं नाही.
कुणाच्या हातून खटका लावायचा राहिला,
कुणाच्या हातून काढायचा.
दोन्ही जातीचे लोक याच स्टुलावर बसून गेलेत,
किंवा नंतर त्यांच्या बायका, पिस्तूल विकायला.

मी खिळ्यावरचा कोट दाखवला. माझाच.
कमरेला आवळायची दोरी, दोरीच्या टोकाला प्लास्टिकचा मणी.
एका फेब्रुवारीत
(दोन पौंडांचा चाप, मीच घासून घासून केलेला,
लोण्यासारखा, मित्रांना दाखवत फिरायचो)
पिस्तूल म्यानात सारताना तो मणी चापापुढे आला.
बोट माझं नव्हतंच तिथे.
मांडीतून गेली गोळी, खाली फरशीत.
लिनोलियमचं भोक अजून आहे, स्टुलाखाली.
बुजवायचं राहिलं होतं, आता मुद्दाम राहू दिलंय.

ती वाकून पाहत राहिली. बराच वेळ.

वजन नाही काढलं मी. खरखर काढली.
आतल्या पट्टीची कड बारीक दगडावर
कान लावून घासली,
खडा जावा आणि पीठ राहावं, इतकीच.
साडेसहाचे सहा झाले, तेही आपसूक.
आता वाट लांब आहे, पण सरळ आहे.
तिच्यात एक क्षण मावतो,
पायरीवर कोण आहे ते ओळखण्याएवढा:
अस्वल, चोर,
की दारू पिऊन घर चुकलेला भाचा.
याहून जास्त मला पोलादात घालता येत नाही.

तिने भिंतीकडे धरून रिकामाच ओढून पाहिला.
अकरा वेळा. मी मोजले, तीही मोजत असावी.

‘पैसे?’
‘पंचेचाळीस.’
दिले. मग म्हणाली, कात्री दे.

अंगातल्या कोटाच्या दोन्ही दोऱ्या
तिने शिवणीपासून कापल्या
आणि मणी ठेवून गेली काउंटरवर, सुट्या नाण्यांशेजारी.

चढावर गाडीने गिअर बदललेला ऐकू आला.
मणी मी स्प्रिंगांच्या डबीत टाकले.
बारकी स्प्रिंग शोधताना
मध्येच बोटाला लागतात.